कोरडी हवा, बारीक पावडर आणि काच: छोट्या शेडमध्ये ॲब्रेसिव्ह जेट मशीन कसं उभं करायचं

रबाळ्याच्या एमआयडीसीत आमची छोटी शेड आहे. एक लेथ, दोन ड्रिलिंग मशीन, एक जुनं मिलिंग आणि कोपऱ्यात पत्र्याची एक पेटी. त्या पेटीत काचेला, सिरॅमिकला, कधी क्वार्ट्झच्या तुकड्याला आम्ही बारीक भोकं पाडतो. ड्रिल नाही, फिरणारं काही नाही. कोरड्या हवेच्या झोतात मिसळलेली पिठासारखी पावडर काचेवर आपटते आणि काच कणाकणाने झिजत जाते. हेच ॲब्रेसिव्ह जेट मशिनिंग.

दिवाळी झाली की ठाणे, ऐरोली, वाशीकडची डिप्लोमा-डिग्रीची मुलं प्रोजेक्टसाठी येऊ लागतात. फाईल उघडतात ती थेट नोझलच्या ड्रॉइंगवर. मी म्हणतो, "हे पान उलटा. हवा कशी सुकवणार आणि पावडर सारखी कशी सोडणार, ते आधी सांगा." बहुतेकांकडे ते पानच नसतं. आपल्याकडे हे मशीन अडतं ते नेमकं त्याच पानावर, म्हणून या लेखात नोझल बराच खाली आहे. माझं पहिलं मशीन मी जुलैमध्ये चालू केलं होतं. वीस मिनिटं झकास चाललं, मग नुसती हवाच येऊ लागली. चेंबर, म्हणजे पावडर भरायचा डबा, उघडला तर आत पावडरचा ओल्या रांगोळीसारखा गोळा. तो खरवडून काढता काढता जे शिकलो, ते पुढे लिहितो आहे.

हे काम कुठे करावं, कुठे करू नये

ही पद्धत ठिसूळ आणि कडक वस्तूंसाठी आहे: काच, सिरॅमिक, सिलिकॉन, क्वार्ट्झ, फेराइट. अशा वस्तूवर कण आपटला की बारीक भेगा पडतात, त्या एकमेकींना मिळतात आणि टवका उडतो. म्हणून झोत सरळ, ९० अंशांत मारला की काम सगळ्यात जोरात होतं. ॲल्युमिनियम, तांबं, नरम लोखंड यांचं उलट असतं. तिथे कण धातू खरवडतो आणि झोत १५ ते ३० अंशांवर तिरका धरला तर जास्त माल निघतो. हा फरक इयन फिनी यांनी १९६० मध्ये गणितात मांडला आणि आजही कोन ठरवताना तोच हिशेब कामी येतो.

रबरासारखी मऊ वस्तू या झोताला दाद देत नाही, कण उसळून परत येतो. आपल्याला हे फायद्याचं आहे, कारण मास्क, म्हणजे झोत नको तिथे झाकायचं आवरण, त्याचाच करता येतो. टफन्ड काचेला मात्र हात लावू नका. तिच्या पृष्ठभागावर मुद्दाम दाब भरून ठेवलेला असतो, झोत त्या थराच्या आत शिरला की सगळ्या काचेचा चुरा होतो.

वेगाची अपेक्षा माफक ठेवा. बारीक नोझलचं मशीन मिनिटाला साधारण १५ घन मिलिमीटर माल काढतं. लोखंडाची प्लेट कापायची असेल तर हे मशीन नाही, त्यासाठी गार्नेट या कडक खनिजाची भुकटी पाण्यात मिसळून ४००० बारच्या आसपास दाबाने मारणारं वॉटरजेट आहे. आपल्या झोताची खासियत वेगळी: तो थंड आहे, काचेला तापवत नाही, थरथरवत नाही, आणि अर्ध्या मिलिमीटरची पातळ काचही त्याच्याखाली तडकत नाही.

थोडं मागचं

अमेरिकेत बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० मध्ये वाळूच्या झोताचं पेटंट घेतलं. सँडब्लास्टिंग तिथून सुरू झालं. बारीक, ताब्यात राहणारा झोत मात्र दातांच्या दवाखान्यातून आला. रॉबर्ट ब्लॅक या दंतवैद्यांनी १९४० च्या दशकात ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या झोताने दात कोरायची पद्धत काढली आणि १९५१ मध्ये एस. एस. व्हाइट कंपनीने तिचं मशीन बाजारात आणलं. दातांना भुणभुण लागत नव्हती, म्हणून रोग्यांना आवडलं. पण १९५७ मध्ये हवेच्या टर्बाइनवर फिरणारं वेगवान ड्रिल आलं आणि दवाखान्यातून हे मशीन मागे पडलं. कारखान्यांत ते टिकलं, काच आणि सेमीकंडक्टरच्या कामांत रुळलं. पुढे मोहम्मद हाशिश यांच्या कामातून अपघर्षक मिसळलेलं वॉटरजेट उभं राहिलं आणि १९८३ च्या सुमारास विक्रीला आलं. आपण ज्याला हात घालणार आहोत ती या घराण्यातली कोरडी शाखा.

पहिली पायरी: हवा

आधी नोझलला किती हवा लागेल ते काढा. दाब ५ बार धरला तर १ मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला साधारण ५५ लिटर हवा जाते, दीड मिलिमीटरमधून १२५ लिटरच्या आसपास आणि २ मिलिमीटरमधून सव्वादोनशे. भोक दुप्पट केलं की हवा चौपट लागते, हे गणित विसरू नका. मुलं दोन-अडीच मिलिमीटरचं नोझल करतात आणि मग कॉम्प्रेसर धापा टाकतो, दाब खाली येतो, रीडिंग वाटेल तशी येतात. १ ते दीड मिलिमीटरला २ एचपीचा कॉम्प्रेसर पुरतो. त्याच्या प्लेटवर दिलेली हवा नोझलच्या गरजेच्या किमान दीडपट आहे ना, तेवढं बघा.

आता पाणी. पावसाळ्यात ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही काठांवर हवा दमट असते. ३० अंशांना ८५ टक्के आर्द्रता धरा, म्हणजे प्रत्येक घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम वाफ. कॉम्प्रेसर ७ बारपर्यंत दाबतो तेव्हा अशी ८ घनमीटर हवा १ घनमीटरमध्ये कोंबली जाते, म्हणजे वाफ दोनशे ग्रॅमच्या वर. पण टाकी ४० अंशांवर असेल तर त्या १ घनमीटरला जेमतेम ५० ग्रॅम वाफ पेलवते. उरलेलं दीडशे ग्रॅम पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसतं. ड्रेन कॉक उघडला की तांबूस पाणी फसफसत येतं, ते हेच.

खरा घोटाळा पुढे आहे. टाकीतून निघालेली हवा अजून वाफेने काठोकाठ भरलेली असते. ती पाइपातून चेंबरपर्यंत येताना ३० अंशांवर उतरते आणि तिथे तिला ३० ग्रॅमच पेलतात. राहिलेले २० ग्रॅम पाणी वाटेत आणि तुमच्या पावडरवर पडतं. टाकीला चिकटून बसवलेला फिल्टर थेंब पकडतो, वाफ पकडत नाही. माझ्या पहिल्या मशीनमध्ये फिल्टर होता, तरी रांगोळीचा गोळा झालाच.

म्हणून क्रम असा लावा. टाकीनंतर ५-६ मीटर तांब्याच्या नळीचं वेटोळं, ते पाण्याच्या बादलीत बुडवलेलं. इथे हवा थंड होऊ द्या आणि पाणी पडायचं ते इथेच पडू द्या. त्यानंतर ड्रेनवाला वॉटर सेपरेटर. मग सिलिका जेलची उभी नळी, लोखंडीच, कारण तिच्यात पूर्ण दाब असतो. मग बारीक फिल्टर, शेवटी रेग्युलेटर आणि गेज. दीड मिलिमीटरच्या नोझलला वेटोळ्यानंतरही तासाला साधारण ३० ग्रॅम वाफ शोषावी लागते, म्हणजे १ किलो जेल सलग ६-७ तास पुरतं. रंग बदलणारं जेल घ्या. नारिंगी प्रकार मिळाला तर उत्तम, निळ्या जेलमधलं कोबाल्ट हाताळायला चांगलं नाही. रंग उतरला की १२० अंशांवर भट्टीत सुकवा. घरच्या ओव्हनमध्ये नको.

बाजारात एफआरएल (फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर) सेट मिळतो, त्यातला शेवटचा भाग तेल टाकणारा असतो. सिलिंडर चालवताना तो हवाच, आपल्याला तो अजिबात नको. तेलाचा एक थेंब पावडरची वाट लावतो. दुकानात स्पष्ट सांगा, "फक्त एफआर द्या, ल्युब्रिकेटर नको." नागदेवी स्ट्रीटवर हे सगळं एका फेरीत मिळतं. ठाण्याहून सीएसएमटी लोकलने मस्जिदला उतरा आणि चालत जा, पण थ्रेडचा नमुना खिशात ठेवा, नाहीतर दुसरी फेरी ठरलेली.

आणखी एक. हवेऐवजी नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड चालतो, ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही. वेल्डिंगचा सिलिंडर शेजारीच उभा असतो म्हणून कोणी तो जोडायचा विचार करतं. तेल, धूळ आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की आग लागते.

दुसरी पायरी: पावडर

सुरुवात ॲल्युमिनियम ऑक्साइडने करा. सिलिकॉन कार्बाइड जास्त कडक आणि धारदार, सिरॅमिकला चांगलं, पण महाग आणि नोझलही लवकर खातं. काचेचे मणी चमक आणि मॅट फिनिशसाठी. खाण्याच्या सोड्याच्या जातीची पावडर हलक्या सफाईसाठी, आणि ती तर दमट हवेत सगळ्यात आधी गोळा होते.

ग्रिटचे, म्हणजे बारीकपणाचे, आकडे दुकानदार बोलतो, मायक्रॉन तुम्ही लक्षात ठेवा. एफ २४० म्हणजे साधारण ४५ मायक्रॉन, एफ ३२० म्हणजे २९, एफ ४०० म्हणजे १७, एफ ६०० म्हणजे ९. पहिल्या मशीनला एफ २४० किंवा ३२० घ्या. त्याहून बारीक पावडर मैद्यासारखी वागते, चेंबरच्या तोंडाशी कमान करून बसते आणि खालीच येत नाही.

नदीची किंवा बांधकामाची वाळू चाळून वापरायचं मनातही आणू नका. वाळूतल्या सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस होतो, फुप्फुसं कायमची निकामी होतात. कायद्याने कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांमध्ये तो आहे. हे मी कळकळीने लिहितोय. 'प्रोजेक्टपुरतं चालतं' असं म्हणत वाळू वापरणारी शेड मी बघितली आहे.

भरण्याआधी पावडर ट्रेमध्ये बोटभर जाडीने पसरून ११०-१२० अंशांवर दोन तास तापवा, थंड झाली की २०० मेशच्या चाळणीतून चाळा आणि थेट चेंबरमध्ये भरा. उरलेली घट्ट झाकणाच्या डब्यात, जेलच्या पुडीसकट. एकदा मारलेली पावडर पुन्हा वापरू नका. तिच्या कडा मोडलेल्या असतात आणि त्यात काचेचे टवके मिसळलेले असतात, तेच नोझल अडवतात.

तिसरी पायरी: मिक्सिंग चेंबर

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण मशीन चांगलं की वाईट ते इथे ठरतं.

चेंबर म्हणजे उभा लोखंडी डबा. वर झाकण, खाली निमुळता कोन, कोनाच्या टोकाला दीड ते दोन मिलिमीटरचं भोक. भोकाखालून आडवी हवेची नळी जाते. पावडर वरून पडते आणि हवा तिला उचलून नोझलकडे नेते. सगळ्यांचं ड्रॉइंग इथपर्यंत बरोबर असतं. मग मशीन चालू करतात आणि पावडर खाली पडायच्या ऐवजी वर उसळते, किंवा जागची हलतच नाही.

कारण साधं आहे. खालच्या नळीत ५ बार दाब आहे आणि डब्यात त्याहून कमी. मग हवा त्या भोकातून वर शिरणार आणि पावडर अडवणार. त्यावर उपाय म्हणजे बॅलन्स लाइन: रेग्युलेटरनंतर हवा दोन वाटांनी न्यायची, एक खालच्या नळीला आणि एक बारीक नळी डब्याच्या झाकणाला. वर आणि खाली दाब सारखा झाला की पावडर फक्त स्वतःच्या वजनाने आणि थरथरीने पडते. मागच्या वर्षी ऐरोलीची एक मुलगी तीन आठवडे याच जागी अडकली होती. आमच्या लेथवर बसणारे काका तिचं ड्रॉइंग बघून म्हणाले, "बाई, रॉकेलच्या डब्याला दुसरं भोक पाडल्याशिवाय रॉकेल नीट येतं का?" तिने त्याच संध्याकाळी ६ मिलिमीटरची पीयू ट्यूब लावली आणि पावडर वाहू लागली.

थरथरीसाठी कोनावर एक छोटी १२ व्होल्टची मोटर लावा, तिच्या शाफ्टला एका बाजूने वजन. हाच आपला व्हायब्रेटर. मोटरचा वेग तिच्या स्पीड रेग्युलेटरने कमी-जास्त केला की पावडरचं प्रमाण बदलतं. मिनिटाला ५ ते १० ग्रॅम पावडर हे सुरुवातीचं लक्ष्य. मोजायला सोपं आहे: पावडर वजन करून भरा, दोन मिनिटं चालवा, उरलेली काढून वजन करा. असं पाच वेळा करा. पाचही आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत येईपर्यंत काचेला हात लावू नका. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, पण पुढची सगळी रीडिंग या आकड्यावर उभी असतात. पावडर जास्त झाली तरी वेग वाढत नाही, कण एकमेकांवरच आपटतात आणि हवेला ओझं होतं.

आता सुरक्षिततेचं. हा डबा म्हणजे प्रेशर व्हेसल आहे. १०० मिलिमीटर व्यासाच्या झाकणावर ७ बार दाबाला साडेपाचशे किलोचा जोर येतो, म्हणजे झाकणावर सात-आठ माणसं उभी राहिल्यासारखं. प्लास्टिकची बाटली नको, पीव्हीसी पाइप तर मुळीच नको, तो हवेच्या दाबाने फुटतो तेव्हा तुकडे गोळीसारखे उडतात. सीमलेस पाइप घ्या, वेल्डिंग हात बसलेल्या माणसाकडून करून घ्या, सेफ्टी व्हॉल्व्ह बसवा. चाचणी पाण्याने करा, वापराच्या दाबाच्या दीडपट. हवेने चाचणी करायची नाही, कारण पाण्याच्या दाबाने डबा फुटला तर नुसता गळतो, हवेने फुटला तर स्फोट होतो. झाकण उघडण्याआधी गेज शून्यावर आलेलं डोळ्यांनी बघायचं.

चेंबरनंतरच्या नळीत एल्बो ठेवू नका, वळणावर कण आपटून नळी आतून खातात. बॉल व्हॉल्व्हही नको, त्याची सीट दोन दिवसांत खरवडून जाते. चालू-बंद करायला विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह हवेच्या बाजूला, चेंबरच्या आधी ठेवा. कोरडी पावडर प्लास्टिकच्या नळीतून धावते तेव्हा स्थिर वीज साठते, हात लावला की चांगला झटका बसतो. नळी छोटी ठेवा, नोझल होल्डर आणि पेटी अर्थ करा.

चौथी पायरी: नोझल

पुस्तकी आकडे असे: भोक ०.२ ते ०.८ मिलिमीटर, कणांचा वेग सेकंदाला १५० ते ३०० मीटर, टंगस्टन कार्बाइडचं नोझल १२ ते ३० तास टिकतं, नीलमण्याचं साधारण ३०० तास. शिकताना आपण थोडं मोठं भोक घेतो, कारण ते कमी तुंबतं.

माझी एक युक्ती सांगतो. पहिल्या चाचण्यांसाठी मिग वेल्डिंगची काँटॅक्ट टिप, म्हणजे वायर बाहेर येते ते तांब्याचं टोक, वापरा. एम ६ चा आटा असतो, १ मिलिमीटर आणि १.२ मिलिमीटर वायरच्या टिपा कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात स्वस्तात मिळतात, आणि भोक वायरपेक्षा किंचित मोठंच असतं. मागच्या बाजूने सेंटर ड्रिलने तोंड निमुळतं करा, म्हणजे पावडर पायरीवर आपटणार नाही. तांब्याची टिप लवकर झिजते, पण तुम्ही शिकत असता तेव्हा दहा टिपा खराब करणं एक कार्बाइड खराब करण्यापेक्षा परवडतं. हात बसला, पावडर स्थिर झाली, मग कार्बाइडवर जा.

नोझल झिजलं हे डोळ्यांनी कळत नाही. ड्रिलच्या गुळगुळीत शँक, म्हणजे मागचे दांडे, घेऊन ठेवा: नवीन भोकात १.२ चा शँक जातो आणि १.३ चा जात नाही, ज्या दिवशी १.३ चा जाईल त्या दिवशी टिप बदला. दर तासाला तपासा आणि वहीत लिहा.

पेटी आणि धूळ

पत्र्याची बंद पेटी, समोर काच, हात घालायला दोन भोकं आणि रबरी हातमोजे. समोरची काच आतून दुधाळ होते, म्हणून तिला आतून पारदर्शक प्लास्टिकची शीट लावा आणि ती बदलत राहा. पेटीतून हवा बाहेर ओढणारा पंखा किंवा व्हॅक्यूम नोझलच्या हवेपेक्षा जास्त ओढणारा हवा, तरच फटीतून धूळ बाहेर येणार नाही. घरगुती व्हॅक्यूमच्या पिशवीतून ही पावडर आरपार जाते. मध्ये सायक्लोनची, म्हणजे हवा गोल फिरवून धूळ खाली पाडणारी, बादली आणि शेवटी हेपा फिल्टर लावा. पेटी उघडताना एन ९५ मास्क, बंद चष्मा. पंख्याने झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं.

पाचवी पायरी: पहिलं भोक

३ मिलिमीटरची साधी काच घ्या, ५० बाय ५० चे तुकडे कापून आणा, कडा घासून घ्या. दागिन्यांच्या काट्यावर, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या, प्रत्येक तुकड्याचं वजन लिहा. तुकड्याखाली दुसरी जुनी काच मेणाने चिकटवा. खालून भोक पडताना कड तुटते, मेणाने चिकटवलेली काच तिला आधार देते.

नोझल काचेपासून ३ मिलिमीटरवर आणा, अंतर फीलर गेजने किंवा ३ मिलिमीटरचा ड्रिल शँक मध्ये धरून लावा. दाब ५ बार. आता क्रम: पंखा चालू, मग हवा, दोन-तीन सेकंदांनी व्हायब्रेटर. थांबवताना उलटं: आधी व्हायब्रेटर बंद, हवा पाच सेकंद तशीच, मग हवा बंद. असं केलं नाही तर नळीत राहिलेली पावडर पुढच्या वेळी नोझलमध्ये बूच होऊन बसते. हा क्रम पेटीवर मोठ्या अक्षरात लिहून लावा.

पहिल्या काही सेकंदांत काचेवर दुधाळ ठिपका दिसतो. मग वाटीसारखा खळगा होतो, त्याची कड पांढुरकी. पहिला मिलिमीटर पटकन जातो, तिसरा जीव खातो, कारण आत गेलेली पावडर परत बाहेर येताना नव्या पावडरला अडवते. कान द्या: झोताचा आवाज सर्र असा चालू असतो, आरपार झाला की तो एकदम पोकळ होतो. तिथे थांबवा. बाहेर काढलेल्या तुकड्याचं भोक वर मोठं आणि खाली लहान असणार. तो टेपर झोताच्या पसरण्याने येतो: नोझलपासून दीड-दोन मिलिमीटर झोत नळीसारखा सरळ राहतो, मग फाकत जातो. टेपर कमी हवा असेल तर अर्ध्यापर्यंत एका बाजूने मारा, काच उलटा आणि दुसऱ्या बाजूने गाठा. मध्ये थोडी कंबर राहते, पण दोन्ही तोंडं सारखी येतात.

ओळीत भोकं किंवा नक्षी हवी असेल तर रेडियमवाल्याकडे जा. रिक्षांवर आणि नंबरप्लेटवर अक्षरं कापून देणारा तो व्हायनिल स्टिकर मास्कसाठी झकास, दोन थर लावा. स्टीलच्या भांड्यांवर नाव घालायलाही हाच मास्क चालतो, फक्त झोत तिरका धरा आणि दाब उतरवा.

मोजणी

एका वेळी एकच गोष्ट बदला. दाब ५ बारवर ठेवून अंतर २, ४, ६, ८, १०, १५ मिलिमीटर, प्रत्येकी ३० सेकंद, प्रत्येकी तीन तुकडे. नंतर अंतर ठरवून दाब ३, ४, ५, ६ बार. वजनातली घट भागिले काचेची घनता २.५, की घन सेंटिमीटर मिळाले. समजा ३० सेकंदांत ०.०३ ग्रॅम गेलं: ०.०१२ घन सेंटिमीटर, म्हणजे १२ घन मिलिमीटर, मिनिटाला २४.

आलेख काढला की डोंगर दिसतो. फार जवळ असताना कणांना वेग घ्यायला जागा नसते आणि उसळलेली पावडर नोझलच्याच तोंडावर आपटते, म्हणून माल कमी निघतो. मधल्या अंतरावर शिखर येतं. लांब गेलं की झोत फाकतो, वेग मरतो आणि काचेवर नुसता मॅट डाग पडतो. ग्राहकाला शिखर नको असतं, त्याला भोकाचा आकार हवा असतो. म्हणून मी स्वतः शिखराच्या बराच अलीकडे, २-३ मिलिमीटरवर काम करतो आणि वेळ जास्त देतो.

बिघडलं तर

झोत झटके देत येत असेल तर पावडर ओली आहे किंवा बॅलन्स लाइन तुंबली आहे. आधी दुसरी तपासा, ती पाच मिनिटांत बघून होते. हवा येते आणि पावडर नाही: कोनाच्या तोंडाशी कमान बसली आहे, डबा ठोकत बसू नका, दाब उतरवून उघडा, पावडर पुन्हा तापवा, चाळा. दोन्ही नाही: नोझलमध्ये टवका अडकला आहे, बारीक तारेने पुढून मागे ढकला. भोक लंबगोल येत असेल तर नोझल एका बाजूने झिजलं आहे किंवा तिरकं बसलं आहे. भोकाभोवती रुंद पांढरी कडी येत असेल तर अंतर जास्त आहे. सकाळी छान आणि दुपारी वजनाची घट अर्धी, हा प्रकार पावसाळ्यात हमखास होतो. जेलचा रंग बघा.

संध्याकाळी मशीन बंद करताना चेंबरमधली सगळी पावडर काढून डब्यात भरायची. रात्रभर आत ठेवलेली पावडर सकाळी वाहत नाही, डिसेंबरातसुद्धा. मग दाब शून्य, टाकीचा ड्रेन कॉक उघडा ठेवायचा आणि बादलीत किती पाणी आलं ते वहीत लिहायचं. आमच्या वहीत जुलैची पानं सगळ्यात भरलेली आहेत.